खडकावर गरवताना या चुका टाळा

खडकाळ किनाऱ्यावर मासे मिळतात ते तिथल्या घळी, कपारी आणि कालवांमुळे. त्यांच्या आधाराने खेकडे, कोळंबी, लहान मासे राहतात आणि त्यांच्यामागे मोठे मासे येतात. पण गरी (मासा पकडायचा आकडा), तंगूस (गरीची दोरी) आणि माणूस अडकतो तोही तिथेच. बहुतेक चुका रॉड हातात घेण्याआधीच होऊन गेलेल्या असतात, म्हणून आधी पाण्याचं बोलू.

भरतीची वेळ पाहिली, वेग पाहिला नाही

जिथे दिवसातून दोनदा भरती येते, तिथे ओहोटीपासून भरतीपर्यंत साधारण सहा तास बारा मिनिटं लागतात आणि रोजची वेळ सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. एवढं बहुतेकांना ठाऊक असतं. पाणी एकसारख्या गतीने चढत नाही, हे मात्र विसरलं जातं. एकूण चढ बारा भाग धरली तर ढोबळमानाने पहिल्या तासात एकच भाग पाणी चढतं, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या आणि चौथ्यात तीन-तीन, मग पुन्हा दोन आणि शेवटी एक. चार मीटरची भरती असेल तर पहिल्या तासात पाणी फूटभर चढलेलं दिसतं. माणूस निवांत होतो. पुढे मधल्या दोन तासांत तेच पाणी दोन मीटर वर येतं.

अमावास्या-पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांनी येणाऱ्या उधाणात हा वेग सगळ्यात जास्त असतो. जागा नवीन असेल तर पहिल्यांदा अष्टमीच्या आसपास, भांगाच्या म्हणजे कमी चढ-उताराच्या भरतीच्या दिवसांत जा. पाण्याची ओढ कमी असते आणि खडकाची ठेवण शांतपणे पाहता येते.

तक्त्यातला आकडा हा अंदाज असतो हेही लक्षात ठेवा. हवेचा दाब एक हेक्टोपास्कलने घटला की पाणी साधारण एक सेंटिमीटर वर येतं, आणि किनाऱ्याकडे जोराचा वारा असेल तर त्याहून अधिक. तक्ता जवळच्या बंदराचा असतो, तुमच्या खडकावरची वेळ थोडी वेगळी असू शकते.

समोर पाहत राहिलात, मागे पाहिलंच नाही

माझ्या मते सगळ्यात घातक चूक हीच. तुम्ही उभे आहात तो खडक उंच असतो, कोरडा राहतो. पण खडक आणि किनारा यांच्या मधली घळ सखल असते आणि ती आधी भरते. जाताना त्या घळीतली एक ठळक भेग किंवा कालवांची कड हेरून ठेवा. पाणी तिथे पोचलं की गरी पाण्यात असली तरी ओढून घ्यायची आणि निघायचं. 'अजून एक फेक' नाही.

पोचल्या पोचल्या सामान मांडू नका. वीस-पंचवीस मिनिटं उंचावरून लाटा पाहा. मोठ्या लाटा गटाने येतात आणि दोन गटांमध्ये समुद्र बराच वेळ शांत दिसतो. लाटांमधलं अंतर दहा-बारा सेकंदांहून जास्त असेल तर ती दूरच्या वादळाची फुगलेली लाट आहे. वारा नसतानाही ती खडकावर फार वर चढते. ओला, काळपट बुळबुळीत थर जिथवर दिसतो तिथवर पाणी नेहमी येतं, त्याच्या खाली उभं राहू नका. पायात पकड असलेले बूट आणि अंगात तरंगणारं जाकीट हवंच. रबरी लांब बुटांत पाणी शिरलं की पोहणं अवघड होतं.

शिसं दर फेकीला अडकतंय

आधी शिसं, म्हणजे गरी बुडवणारं वजन, तपासा. तारांचे आकडे असलेलं शिसं वाळूत छान रुततं, खडकात मात्र कपारीत जाऊन बसतं. इथे साधं गुळगुळीत किंवा चपटं शिसं घ्या. चपटं शिसं भराभर गुंडाळलं की वर उठतं. गुंडाळायच्या आधी रॉड उंच करून एक झटका द्या आणि मध्ये थांबू नका.

दुसरं, शिसं मुख्य तंगुसाला थेट बांधू नका. मुख्य तंगूस दहा किलोचा (म्हणजे तेवढा ताण सोसणारा) असेल तर शिसं चार-पाच किलोच्या वेगळ्या तुकड्यावर बांधा. अडकलं तर शिसंच जाईल, गरी आणि मासा हाती राहील. मात्र अशा कमजोर तुकड्यावर जोरदार फेक करू नका, शिसं हवेतच सुटून कुणाला लागू शकतं.

अडकलेला तंगूस रॉड वाकवून ओढला तर रॉड मोडतो, हाताला गुंडाळून ओढला तर बोटं कापतात. एखाद्या लाकडाला वेढे द्या, तोंड वळवा आणि सरळ मागे चालत जा. तुटलेले तुकडे तिथेच टाकू नका, पक्ष्यांचे पाय त्यात गुंततात.

शिसं ओढीबरोबर वाहत कपारीत जातंय? सरळ समोर फेकण्याऐवजी ओढीच्या उलट दिशेला तिरकं फेका आणि थोडा तंगूस सैल सोडा. पाण्यात त्याचा बाक पडतो आणि शिसं जागेवर टिकतं. तरी टिकत नसेल तर ओढ मंदावेपर्यंत थांबा.

चावा नाही, की आमिषच नाही?

खूप वेळ चावा नसेल तर आधी गरी वर काढून पाहा. खेकडे मऊ आमिष दहा-पंधरा मिनिटांत साफ करतात. बारीक लवचिक दोऱ्याने आमिष गच्च बांधा आणि गरीचं टोक उघडं ठेवा. आमिष शाबूत येत असेल तर जागा बदला, लांब फेकण्याचा अट्टहास नको. पुष्कळदा मासा खडकाच्या पायथ्याशीच असतो.

मासा शेवटच्या क्षणी सुटत असेल तर तंगुसाचे शेवटचे काही मीटर दोन नखांमध्ये धरून सरकवा. खरखर लागली की तेवढा भाग कापून टाका. मासा उतरवायची जागाही पहिल्या फेकीआधी ठरवा. येणाऱ्या लाटेवर मासा वर येऊ द्या किंवा लांब दांड्याची जाळी वापरा. त्याच्यासाठी खाली उतरू नका, कितीही मोठा असो.

कुणी पाण्यात पडलंच तर मागोमाग उडी मारू नका. तातडीच्या मदतीला फोन करा, तरंगणारं काहीही फेका, दोरी असेल तर दोरी, आणि एकाने त्याच्यावरची नजर हटवू नये. स्वतः पडलात तर लाट फुटते त्या खडकाला धरायला जाऊ नका. खडकापासून दूर जा, पाठीवर तरंगत राहा आणि जिथे लाटा फुटत नाहीत अशा बाजूकडे सरका.