बर्निना एक्स्प्रेसचं आरक्षण संपलंय? त्याच रुळांवरून साध्या गाडीने जा

स्वित्झर्लंडला पोहोचल्यावर बर्निना एक्स्प्रेसच्या, म्हणजे कूर ते तिरानो आल्प्स ओलांडणाऱ्या पर्यटक गाडीच्या, जागा बघितल्या, तर उन्हाळ्यात बहुतेक वेळा त्या संपलेल्या असतात. बेत रद्द करू नका. त्याच रुळांवरून साधारण दर तासाला रेटियन रेल्वेची साधी गाडी धावते. तिला आरक्षण लागत नाही. तोच लँडवासर पूल, तोच ब्रुसिओचा गोल पूल, तेच 2253 मीटर उंचीवरचं ओस्पिझिओ बर्निना स्टेशन!

1. एसबीबीच्या (स्विस सरकारी रेल्वेच्या) ॲपमध्ये कूर ते सेंट मॉरिट्झ आणि सेंट मॉरिट्झ ते तिरानो असे दोन टप्पे वेगवेगळे शोधा. पहिल्याला सुमारे दोन तास लागतात, दुसऱ्याला अडीच.
2. नावात 'बर्निना एक्स्प्रेस' नसलेली गाडी निवडा. स्विस ट्रॅव्हल पास असेल तर वेगळं तिकीट नको आणि आरक्षणाचे जादा पैसेही वाचतात. पास नसेल तर साधं तिकीट काढा.
3. कूरहून निघताना उजवीकडे बसा. खिडकी उघडता येणारा डबा मिळाला तर सोडू नका. एक्स्प्रेसच्या पॅनोरमा डब्याच्या मोठ्या बंद काचेतून फोटोत प्रतिबिंब येतं, इथे ती अडचण नाही. मला तर याच कारणासाठी साधी गाडी जास्त आवडते.

झेरमाट ते सेंट मॉरिट्झ धावणाऱ्या ग्लेशियर एक्स्प्रेस या पर्यटक गाडीच्या मार्गावरही हे जमतं, फक्त डिसेंटिस, आंडरमाट अशा ठिकाणी गाडी बदलावी लागते.

एक काळजी घ्या: तिरानो इटलीत आहे. शेंगेन व्हिसा दोन्हीकडे चालतो, पण पासपोर्ट हॉटेलवर ठेवू नका. परतीच्या शेवटच्या गाडीची वेळही निघण्याआधीच बघा.