अमेरिकेतील कॉलेजचा खर्च आणि आर्थिक मदत: हिशेबातील या चुका टाळा

अमेरिकेतील कॉलेजांची आर्थिक मदतीची पत्रे साधारणपणे मार्च-एप्रिलमध्ये हाती येतात आणि बहुतेक ठिकाणी 1 मेपर्यंत प्रवेश निश्चित करायचा असतो. चार वर्षांच्या खर्चाचा निर्णय अशा अपुऱ्या वेळात घेताना सुशिक्षित, हिशेबी कुटुंबेही चुकतात. यातील बऱ्याच चुकांचे मूळ एकच असते: कॉलेजने जाहीर केलेला एकूण खर्च म्हणजे आपल्याला येणारे बिल, असे गृहीत धरले जाते.

खर्चाचा आकडा आणि बिल यांची गल्लत

कॉलेज ज्याला 'कॉस्ट ऑफ अटेंडन्स' म्हणते, त्या आकड्यात ट्यूशन व इतर शुल्क, राहण्याचा व जेवणाचा खर्च, पुस्तके व साहित्य, प्रवास आणि किरकोळ वैयक्तिक खर्च हे सारे धरलेले असते. प्रत्यक्ष बिल मात्र शुल्काचे, आणि विद्यार्थी कॉलेजच्या वसतिगृहात राहत असेल तर तिथल्या राहण्या-जेवणाचे येते. बाकीचे आकडे हा कॉलेजने बांधलेला अंदाज असतो. म्हणून काही पालक एकूण आकडा पाहूनच ते कॉलेज यादीतून काढून टाकतात, तर काही केवळ ट्यूशन फी पाहून निश्चिंत होतात आणि ऑगस्टमध्ये भाड्याच्या खोलीची अनामत रक्कम, विमानाचे तिकीट आणि पुस्तके यांचे पैसे एकदम उभे करताना त्यांची तारांबळ उडते.

मदतीच्या दृष्टीने या आकड्याचे महत्त्व वेगळे आहे. गरजेवर आधारित मदत ठरवताना एकूण खर्चातून 'स्टुडंट एड इंडेक्स' (कुटुंबाच्या उत्पन्न-मालमत्तेवरून काढलेला अंक) वजा केला जातो आणि उरते ती विद्यार्थ्याची आर्थिक गरज. शिवाय सर्व प्रकारची मदत मिळून या एकूण खर्चाच्या वर जाऊ शकत नाही. म्हणजे खर्चाचा अंदाज चुकीचा बांधला गेला, तर मदतीची मर्यादाही चुकते. 2024-25 पासून फाफ्साच्या, म्हणजे संघीय सरकारी मदतीसाठी भरायच्या अर्जात विद्यार्थी कुठे राहणार, हा प्रश्न उरलेला नाही. घरी राहणाऱ्या विद्यार्थ्यासाठी राहण्याचा खर्च कमी धरला जातो, त्यामुळे कॉलेजने आपल्याला कोणत्या गटात धरले आहे हे विद्यार्थ्याने स्वतः विचारून घ्यावे आणि नोंद चुकली असेल तर ती लेखी दुरुस्त करून घ्यावी.

स्टुडंट एड इंडेक्स ही आपण भरायची रक्कम आहे, हा समजही सर्वत्र आढळतो. पूर्वी याच जागी असलेल्या आकड्याच्या नावातच कुटुंबाकडून अपेक्षित योगदानाचा उल्लेख असल्यामुळे तो समज रुजला. प्रत्यक्षात हा केवळ क्रम ठरवणारा अंक आहे. तो उणे 1,500 पर्यंत खाली जाऊ शकतो आणि तो जितका कमी, तितकी गरज अधिक मानली जाते. ज्यांची दोन मुले एकाच वेळी कॉलेजात असतील त्यांनी विशेष लक्षात ठेवावे, की भावंडांच्या संख्येमुळे पूर्वी मिळणारी सवलत फाफ्साच्या सूत्रातून 2024-25 पासून गेली आहे. थोरल्या मुलाच्या वेळचा अनुभव धाकट्याला लागू पडेल, असे धरून चालू नये.

पत्राची शेवटची ओळ पाहून निर्णय घेणे

हे एका काल्पनिक उदाहरणावरून पाहू. पहिल्या कॉलेजचा वार्षिक खर्च 48,000 डॉलर आहे आणि पत्रात 22,000 डॉलरची मदत दाखवली आहे. 26,000 भरावे लागतील, असे वाचणाऱ्याला वाटते. ओळी सुट्या केल्या की 14,000 ग्रँट, 3,500 सबसिडाइज्ड कर्ज (शिकत असताना व्याज सरकार भरते), 2,000 अनसबसिडाइज्ड कर्ज (व्याज सुरुवातीपासून विद्यार्थ्यावर) आणि 2,500 वर्क-स्टडी (शिकताना अर्धवेळ काम करून मिळवायची कमाई) अशी विभागणी दिसते. यातील परत न करण्याची रक्कम फक्त 14,000 आहे, म्हणजे खरा भार 34,000 डॉलरचा. दुसऱ्या कॉलेजचा खर्च 62,000 आहे, पण ते 30,000 डॉलरची ग्रँट देते. तिथला भार 32,000 होतो. जाहीर खर्चात 14,000 डॉलरने महाग असलेले कॉलेज प्रत्यक्षात 2,000 डॉलरने स्वस्त पडते.

पत्रे वाचताना अडचण अशी, की अनेकदा अनसबसिडाइज्ड कर्जाऐवजी 'डायरेक्ट अनसब' एवढेच लिहिलेले असते आणि कर्ज हा शब्द त्या ओळीत नसतोच. अमेरिकी सरकारच्या लेखापरीक्षण संस्थेने, म्हणजे जीएओने, 2022 च्या अहवालात असा अंदाज मांडला होता, की 91 टक्के कॉलेजे आपल्या पत्रात निव्वळ किंमत (परत न करण्याची मदत वजा जाता उरणारा खर्च) देतच नाहीत किंवा ती प्रत्यक्षापेक्षा कमी दाखवतात. तेव्हा प्रत्येक पत्रातील ओळी स्वतः तीन रकान्यांत मांडाव्यात: परत न करण्याची मदत, कर्ज आणि कमाई. वर्क-स्टडीची रक्कम बिलातून आपोआप वजा होत नाही. काम मिळाले आणि केले, तरच ती पगाराच्या रूपात हाती पडते. कर्जाच्या बाबतीत, पालकांवर अवलंबून असलेल्या विद्यार्थ्याला पहिल्या वर्षी एकूण 5,500 डॉलरपर्यंतच संघीय कर्ज मिळते. ती मर्यादा पुढे थोडी वाढते, पण खर्चातील मोठी तूट त्यातून भरून निघत नाही.

एक प्रश्न कॉलेजला जरूर विचारावा: ही ग्रँट चारही वर्षे मिळणार का, आणि त्यासाठी किती गुण टिकवावे लागतील? शुल्क दरवर्षी वाढत असताना ग्रँट मात्र तेवढीच राहिली, तर तिसऱ्या वर्षाचा हिशेब पहिल्या वर्षासारखा राहत नाही.

अर्ज भरतानाच्या चुका

भारतीय कुटुंबांत एक गैरसमज फार नुकसान करतो. आई-वडील एच-1बी व्हिसावर आहेत म्हणून अमेरिकेत जन्मलेल्या, म्हणजे नागरिक असलेल्या मुलाचा फाफ्साचा अर्जच भरला जात नाही. पात्रता विद्यार्थ्याच्या नागरिकत्वावर किंवा पात्र स्थलांतरित दर्जावर ठरते, पालकांच्या व्हिसावर नाही. पालकांकडे सोशल सिक्युरिटी क्रमांक नसला तरी त्यांना अर्जासाठी खाते उघडता येते. एफ-1, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर आलेल्या विद्यार्थ्याला मात्र संघीय मदत मिळत नाही. त्याने कॉलेजच्या स्वतःच्या निधीची चौकशी अर्ज करण्यापूर्वीच करावी, कारण मदत मागितल्याचा परिणाम काही ठिकाणी प्रवेशाच्या निर्णयावरही होतो.

मालमत्तेच्या रकान्यात उलट बाजूच्या दोन चुका होतात. कुटुंब ज्या घरात राहते ते घर आणि निवृत्तीची खाती फाफ्सात दाखवायची नसतात, तरी काही जण ती लिहून आपला अंक विनाकारण वाढवून घेतात. याउलट भारतातील गुंतवणुकीचा फ्लॅट किंवा बँकेतील ठेवी अमेरिकेबाहेर आहेत म्हणून वगळल्या जातात. त्या अर्जाच्या दिवशीच्या विनिमय दराने डॉलरमध्ये दाखवाव्या लागतात. बचत कोणाच्या नावावर आहे, यानेही फरक पडतो. विद्यार्थ्याच्या नावावरील रकमेचा 20 टक्के हिस्सा हिशेबात धरला जातो, तर पालकांच्या बाबतीत हे प्रमाण जास्तीत जास्त 5.64 टक्क्यांच्या आसपास असते. मुलाच्या नावाने ठेव ठेवण्याची आपली पद्धत प्रेमाची असली, तरी या सूत्रात ती महाग पडते. काही खासगी कॉलेजे सीएसएस प्रोफाइल हा वेगळा अर्जही मागतात आणि त्यात राहत्या घराची किंमतही विचारली जाऊ शकते.

आपल्या कराची माहिती कर खात्याकडून थेट मिळवण्याची संमती फाफ्सात न देणे ही दिसायला छोटी चूक असते, पण त्यामुळे संघीय मदतीची पात्रताच जाते. मुदतीबाबतही गाफील राहू नये: संघीय मुदत लांबची असली, तरी राज्यांच्या आणि कॉलेजांच्या तारखा त्याच्या कितीतरी आधी येतात.

बाहेरची शिष्यवृत्ती मिळाली तर ती कॉलेजला कळवावीच लागते आणि काही कॉलेजे तेवढी स्वतःची ग्रँट कमी करतात. आधी कर्ज किंवा वर्क-स्टडी कमी करता येईल का, हे विचारायला हवे. मेरीलँडने 2017 मध्ये आपल्या सार्वजनिक कॉलेजांवर अशा कपातीबाबत कायद्याने निर्बंध घातले.

आकडा परिस्थितीशी जुळत नसेल तर

फाफ्सा दोन वर्षांपूर्वीच्या उत्पन्नावर चालतो; 2026-27 च्या अर्जात 2024 चे उत्पन्न धरले जाते. दरम्यान नोकरी गेली, घटस्फोट झाला किंवा मोठ्या आजारपणाचा खर्च आला, तर अर्जातील आकडे आपल्या मनाने बदलू नयेत. कॉलेजच्या आर्थिक मदत कार्यालयाकडे 'प्रोफेशनल जजमेंट'ची विनंती करावी. तेथील अधिकाऱ्याला कायद्याने प्रकरणागणिक उत्पन्नाचे आकडे बदलण्याचा, तसेच एकूण खर्चाचा अंदाज वाढवण्याचाही अधिकार आहे. अपंगत्वामुळे येणारा खर्च किंवा मुलांच्या पाळणाघराचे पैसे अशा बाबी त्यात सामावू शकतात. मात्र खर्चाचा अंदाज वाढल्याने मदतीची मर्यादा वाढते, ग्रँट वाढेलच असे नाही. कित्येकदा वाढीव मदत कर्जाच्याच रूपात मिळते, म्हणून ती घेण्यापूर्वी विचार करावा. पत्र थोडक्यात असावे: काय घडले, कोणत्या तारखेला, त्यामुळे वार्षिक उत्पन्न किंवा खर्च किती बदलला, आणि सोबत नोकरी संपल्याचे पत्र किंवा रुग्णालयाची बिले. प्रत्येक कॉलेज स्वतंत्रपणे निर्णय घेते, त्यामुळे हा अर्ज यादीतील प्रत्येक कॉलेजकडे वेगळा पाठवावा लागतो.