जुन्या रेडियल इंजिनाचा पंखा आधी हाताने फिरवा

हार्वर्ड या जुन्या प्रशिक्षण विमानाचं नऊ सिलिंडरचं इंजिन सुरू होतानाचा निळसर धूर आणि ती धडधड एकदा अनुभवली की मनातून जात नाही. पण याच आवाजाच्या हौसेपायी चांगली इंजिनं बिघडतात. खानदेशात धुळे-शिरपूर-जळगावकडे विमानाच्या कामात शिरू पाहणाऱ्या पोरांनी एवढं तरी पक्कं शिकून घ्यावं.

हार्वर्डमधलं वास्प आर-१३४० हे २२ लिटरचं, ६०० अश्वशक्तीचं इंजिन. सिलिंडर गोलाकार बसवलेले, म्हणून खालच्यांची डोकी जमिनीकडे. विमान उभं राहिलं की तेल रिंगांमधून झिरपून तिथे साठतं. मे महिन्यात शेडमध्ये ते पातळ होऊन आणखी लवकर उतरतं. तेल हवेसारखं दाबलं जात नाही; स्टार्टरचा जोर बसला की पिस्टन तेलावर अडतो आणि त्याचा कनेक्टिंग रॉड वाकतो. तो तिथेच तुटला तर नशीब म्हणायचं. बरेचदा काही तास चालून हवेत तुटतो.

मळ्यातल्या इंजिनाला हँडल मारताना आपण लिव्हर उचलून दाब सोडतो. इथे ती सोय नाही. म्हणून पंखा हाताने फिरवून तेल आहे का ते आधी बघायचं. चाकांना अडण लावा, मॅग्नेटो (प्लगला ठिणगी देणारं यंत्र) बंद, थ्रॉटल बंद, हवा-इंधन मिश्रणाचा लिव्हर कट-ऑफवर, म्हणजे इंधन बंद. तरी मॅग्नेटो जिवंत आहे असंच धरून चाला, कारण त्याची अर्थिंगची तार तुटली असेल तर स्विच बंद असूनही ठिणगी पडते. पात्यावर अंग टेकू नका. इंजिन फिरतं त्याच दिशेने सावकाश ओढा. दोन पूर्ण फेऱ्या, म्हणजे दोन पात्यांच्या पंख्याची चार पाती, झाल्या की नऊही सिलिंडर एकदा दाबाखालून जातात.

दाब आला तर हाताला मऊ, उसळी देणारा विरोध लागतो. तेल असेल तर पातं भिंतीला टेकल्यासारखं ठप्प थांबतं. तिथे जोर लावायचा नाही आणि उलटंही फिरवायचं नाही. उलट फिरवलं की तेल इनटेक पाइपात ढकललं जातं आणि सुरू होताना परत सिलिंडरमध्ये येतं. सगळ्यात खालच्या ५ आणि ६ नंबरच्या सिलिंडरचे, गरज पडली तर ४ आणि ७ चेही, प्लग काढा, खाली ट्रे ठेवा आणि काळं तेल पूर्ण निथळू द्या. खालच्या इनटेक पाइपातलंही काढा. प्लग धुऊन, वाळवून, नवीन तांब्याचा वॉशर घालून मॅन्युअलमधल्या टॉर्कने बसवा.

सुरू झाल्यावर ३० सेकंदांत तेलाचा दाब दिसला नाही तर बंद करा. फोटोसाठी पाच-दहा मिनिटं चालवणं टाळा. तेल नीट तापत नाही, आत ओल धरते, गंज चढतो.

बंद करण्याआधी मिनिटभर हजारच्या आसपास फेऱ्यांवर ठेवा, म्हणजे स्कॅव्हेंज पंप तळातलं तेल टाकीत ओढतो. नंतर ब्रीदर पाइपाला, म्हणजे इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीला, झाकण लावा. नाहीतर कुंभारीण माशी त्यात चिखलाचं घर करते. तेलाच्या जाळीत चमक दिसली तर लोहचुंबक फिरवा. कण चिकटले तर पोलाद, म्हणजे बेअरिंग किंवा गिअर. इंजिन उघडल्याशिवाय पुन्हा सुरू करू नका.