आकारांच्या तासाची तयारी, आदल्या दिवशी

सामान नंतर गोळा करा, आधी शब्द ठरवा. मराठीत आपण बांगडीलाही गोल म्हणतो आणि चेंडूलाही. पाटही चौकोनी, फरशीही चौकोनी. बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलाच्या डोक्यात हा घोळ एकदा बसला की निस्तरताना नाकी नऊ येतात. म्हणून सुरुवातीला फक्त गोल आणि त्रिकोण घ्या, चेंडू कपाटात ठेवा, चौकोन पुढे बघू. मदतनीस ताईंना आणि घरच्यांनाही तेच शब्द कळवा. शाळेत गोल आणि घरी वर्तुळ, असं नको.

मग टोपली भरा. ताट, बरणीचं झाकण, कॅरमचा स्ट्रायकर, प्लास्टिकच्या बांगड्या (काचेच्या नकोत). त्रिकोण शोधायला बसलं की कळतं, घरात तो फारसा नसतोच. कंपासपेटीतले दोन्ही गुण्ये, पताका, हँगर, तिरकी घडी घातलेला रुमाल, एवढं पुरे. वस्तू तोंडात घालणारं मूल वर्गात असेल तर बटणं, मणी, राजमा टोपलीत नकोच.

पुठ्ठ्याचे आकार कापताना माझी चूक करू नका. मी सगळे गोल लाल आणि सगळे त्रिकोण निळे कापले होते. आठवडाभर उत्तरं बिनचूक आली, मी खूश. मग निळा गोल दाखवला तर वर्ग एका सुरात म्हणाला, ‘त्रिकोण!’ मुलं रंग शिकली होती. तेव्हा प्रत्येक आकार तीन रंगांत, लहान-मोठा असा कापा. एखादा त्रिकोण निमुळता ठेवा आणि चिकटवताना एखादा टोकावर उभा करा.

कडेने फेविकॉलची जाड रेघ रात्रीच ओढा; सकाळपर्यंत वाळून बोटाला लागेल अशी होते. दृष्टी कमी असलेल्यांना तर ती हवीच. गिरवायला ताटात रवा घ्या. कुणाला रव्याचा स्पर्श सोसत नाही, त्याच्यासाठी तांदूळ.

चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांपुढे बालवाडीची खेळणी मांडू नका. त्यांच्यासाठी कणीक मळून न्या: गोल पारी, अर्धी घडी, पुन्हा घडी, की झाला घडीच्या पोळीचा त्रिकोण. रस्त्यावरच्या पाट्यांची चित्रंही घ्या. लाल काठाचा त्रिकोण म्हणजे जपून, हे त्यांच्या रोजच्या कामाचं आहे.

कुणाला किती मदत लागली ते टिपायला वहीत प्रत्येकाच्या नावापुढे चार रकाने आखा: हात धरून, खुणेने, सांगून, स्वतःहून. प्रश्नांचा क्रमही लिहून ठेवा. आधी ‘यासारखं दे’, मग ‘गोल दे’, आणि ‘हे काय?’ अगदी शेवटी. न बोलणारं मूल पहिल्या दोन्हींत पुढे असू शकतं.

चालण्यासाठी फरशीवर मास्किंग टेपचा त्रिकोण, व्हीलचेअर फिरेल एवढा मोठा. तो मात्र सकाळी झाडलोट झाल्यावरच चिकटवा. आदल्या दिवशी चिकटवला तर मावशी खरवडून काढतात, आणि वर आपल्यालाच बोलतात.