आधी जुनं दप्तर उपडं करा
खरेदीला निघण्याआधी मागच्या वर्षीचं दप्तर जमिनीवर उपडं करा. पट्टी, कर्कटक, अर्धवट रंगखडू, निम्म्या कोऱ्या वह्या... अर्धी यादी तिथेच खोडली जाते. कोरी पानं एकत्र शिवली की कच्च्या कामाची वही तयार. (आमच्याकडे पाच खोडरबर निघाले, एकही झिजलेला नाही!) बूट मात्र संध्याकाळी, मोजे घालूनच बघा, दिवसभरात पाय किंचित फुगतात. पुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा पुरे, 'वाढत्या अंगाचे' बूट नकोत. नवं दप्तर घ्यायचंच असेल तर चित्रापेक्षा पट्टे बघा, रुंद आणि मऊ. भरल्यावर वजन मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांच्या आत असलेलं बरं. डब्यावर नाव घालताना झाकण विसरू नका, हरवतं तेच.