‘पावसावर प्रकल्प’ म्हणजे नेमकं काय करणार?

आठवी-नववीच्या मुलांना प्रकल्प निवडायला सांगितला की वहीत हमखास येतं: ‘पावसावर प्रकल्प’. हा झाला विषय, उद्दिष्ट अजून ठरायचंय. मी एवढंच विचारतो, “शेवटी मला काय दाखवशील?” पोरगं अडखळतं. अडखळू द्या. उत्तर आपणच पुरवलं तर प्रकल्प आपला होतो आणि तक्ता रंगवायला आई बसते.

थोडं बोलत राहिलं की त्याच्याच तोंडून वाक्य निघतं: ‘१ ते ३१ जुलै रोज सकाळी साडेआठला शाळेतला पाऊस मिलिमीटरमध्ये मोजीन आणि आमच्या महसूल मंडळाच्या (म्हणजे आसपासच्या काही गावांच्या सरकारी गटाच्या) पावसाच्या आकड्यांशी ताडून बघीन.’ हे वाक्य वहीच्या पहिल्या पानावर त्यालाच लिहू द्या. साडेआठच का? हवामान खात्याचा पावसाचा दिवसही सकाळी साडेआठलाच संपतो. वेळ वेगळी ठेवली तर ताळा जमायचा कसा? अतिवृष्टी किती दिवस झाली, हेही शोधायला सांगा. २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की ती अतिवृष्टी. या आकड्याशी पीक-नुकसानीचे पंचनामे जोडलेले असतात, शेतकऱ्याच्या पोराला त्याचं मोल सांगावं लागत नाही.

जूनअखेरचं छोटं उद्दिष्ट म्हणजे पर्जन्यमापक तयार हवा. सरळ भिंतीची दोन लिटरची बाटली घ्या, वरचा निमुळता भाग कापून तोच उलटा बसवा. बुडाशी खळगे असतात, म्हणून खडे टाकून बाटली सरळ होते तिथपर्यंत पाणी भरा. ते शून्य. तिथून वर पट्टी चिकटवा. रोज मोजून झालं की पाणी पुन्हा शून्यावर आणायचं. भिंत किंवा झाड जितकं उंच, त्याच्या निदान दुप्पट अंतरावर बाटली ठेवा.

एखादी मुलगी म्हणते, “सर, मी अख्ख्या शाळेचं पाणी साठवणार.” नाही म्हणू नका, टेप द्या. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. छप्पर मोजून हिशेब मांडणं, एवढंच तिचं यंदाचं उद्दिष्ट. टाकी पुढच्या वर्षी बघू.

आणि रविवारी मोजणार कोण, हे आधीच ठरवा. शाळेजवळ राहणारा जोडीदार लागतोच. तरी दिवस चुकला तर त्या रकान्यात शून्य लिहायचं नाही, रेघ मारायची, आणि दुसऱ्या दिवशीच्या आकड्यापुढे ‘दोन दिवसांचा’ असं लिहायचं.