संगीत नाटक बसवायचंय? आधी फाल्गुनराव शोधा

सांगलीत हौशी ग्रुप जमला की कधी ना कधी कुणीतरी म्हणतंच, एक संगीत नाटक करूया की. म्हणणारच, १८४३ ला विष्णुदास भाव्यांनी 'सीता स्वयंवर' इथंच केलं आणि नाटककार गोविंद बल्लाळ देवल तर आपल्या हरिपूरचे. आम्ही देवलांचंच 'संशयकल्लोळ' घेतलं. मूळ बीज फ्रेंच मोलियेरचं, तिथनं इंग्रजीत आणि मग आपल्याकडं, पण बघताना कुठं परकं वाटत नाही. देवल १९१६ ला गेले त्यामुळं संहितेच्या हक्काचं झंझट नाही, प्रयोगाला परवानगी देणाऱ्या सरकारी परिनिरीक्षण मंडळाचं सर्टिफिकेट तेवढं वेळेत बघा.

आता महत्त्वाचं. नवीन ग्रुप आधी गाणारे शोधतो, अश्विनशेठ आणि रेवती ही गाणारी जोडी ठरली की निम्मं नाटक झालं असं समजतो आणि फाल्गुनराव उरलेल्या कुणाच्या तरी गळ्यात मारतो. तसलं करू नका राव. हे नाटक चालतं फाल्गुनराव आणि त्याची बायको कृत्तिका यांच्या एकमेकांवरच्या संशयावर, अश्विनशेठची तसबीर हातात पडल्यावर दोघांची जी जुंपते तिथं टायमिंग गेलं तर पुढं कितीही गोड गा, हॉल थंडच राहतो. त्यामुळं तुमचा सगळ्यात मुरलेला नट तिकडं द्या, त्याला सूर नसला तरी चालेल.

गाणाऱ्यांचं वेगळंच. पेटीवरच्या पट्टीत सांगायचं तर पुरुष गातो काळी एक नाहीतर पांढरी दोनला, बाई काळी चार-पाचला, म्हणजे एकाच प्रवेशात पट्टी बदलते, म्हणून ऑर्गनवाले आणि तबलजी पहिल्या वाचनापासून बसवा, शेवटच्या आठवड्यात नाही. तबल्याचे पण त्यामुळं दोन जोड लागतात. तंबोऱ्याचं टेन्शन घेऊ नका, तंबोरे बनवणारं मिरज शेजारीच आहे. ५ नोव्हेंबरच्या रंगभूमी दिनाला प्रयोग धरला तर तालमी भर पावसात येतात, कृष्णेला पाणी चढलं की नदीकाठची मंडळी यायची बंद, आणि गणपतीत साथीदार मिळत नाहीत, हे धरूनच तारखा लावा.

पदं कापायची तयारी ठेवा, सगळी घेतली तर शेवटची बस चुकते आणि लोक उठून जातात. वाक्य संपलं की लगेच पद उचलायचं, मधे आलाप घेऊन पात्रानं गवई व्हायचं नाही. वन्स मोअरचं पण आधीच ठरवा. आमचं ठरलेलं, फक्त ध्रुवपद परत घ्यायचं. ऑर्गनवाल्या काकांनी ते एकदाही पाळलं नाही.